तलावाच्या बुडाशी कार्बन कसा टिकतो, कसा निसटतो

मे महिन्यात गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव किंवा सडक अर्जुनीकडच्या एखाद्या मामा तलावावर जा. पाणी नुकतंच हटलंय आणि पाय घोट्यापर्यंत रुततोय अशा जागी फावड्याने वीतभर खोल खणा. वरचा, बोटाच्या पेराएवढा थर तपकिरी निघेल. त्याखालचा चिखल काळपट, गुळगुळीत आणि सडक्या अंड्याच्या वासाचा असेल. त्याचा एक गोळा काठावर उघड्या हवेत ठेवा. थोड्या वेळात बाहेरचा काळा रंग उतरायला लागतो. फोडून पाहिला तर आतून मात्र तो काळाच असतो. हा काळा रंग लोह आणि गंधकाच्या संयुगाचा. ते संयुग हवेवाचूनच टिकतं. प्राणवायू लागला की लोहाला गंज चढतो आणि रंग पालटतो.

म्हणजे त्या एका पेराच्या खाली प्राणवायू पोचत नव्हता. दलदली, पाणथळ जागा आणि हवामानबदल यांच्याविषयी आज जे काही बोललं जातं, ते बहुतेक सगळं या एका सीमारेषेभोवती फिरतं. ती रेषा वर सरकली की काय होतं, खाली गेली की काय होतं, एवढं नीट समजलं तर बाकीचं समजायला सोपं जातं.

झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्यातून पान, देठ, मूळ घडवतं. पान मेलं की उलटा प्रवास सुरू होतो. बुरशी आणि जीवाणू ते खातात, त्यातला कार्बन पुन्हा वायू होऊन हवेत जातो. जंगलातल्या पाचोळ्याचं दोन-चार पावसाळ्यांत काय होतं ते नागझिऱ्यात फिरणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. पण या खाण्यासाठी प्राणवायू लागतो. पाण्यात प्राणवायू हवेपेक्षा जवळजवळ दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. त्यामुळे चिखलात वरून जो थोडा प्राणवायू झिरपतो, तो वरच्या थरातले जीवाणूच संपवून टाकतात आणि खालच्यांपर्यंत काही उरत नाही. लाकडाला ताठपणा देणारं लिग्निन तर प्राणवायूशिवाय जवळपास फुटतच नाही. खाणारे उपाशी, म्हणून खाद्य शिल्लक राहतं.

थंड, सतत ओल्या प्रदेशांत हे शिल्लक राहणं हजारो वर्षं चालू राहिलं आणि त्यातून पीट तयार झालं. सायबेरिया, कॅनडा, स्कॉटलंड, आयर्लंड इथल्या दलदलीत स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं. ते स्वतःभोवतीचं पाणी आम्लधर्मी करतं, त्यामुळे कुजणं आणखी मंदावतं. वर जिवंत शेवाळ, खाली मेलेलं, त्याखाली त्याच्या आधीचं, अशी थप्पी वर्षाला साधारण एक मिलिमीटर किंवा त्याहून कमी वेगाने चढत जाते. मीटरभर पीट साचायला हजार वर्षं धरायला हरकत नाही.

हिशोब हातावर करून पाहा. वाळवलेल्या पीटचं वजन घनमीटरला सुमारे १०० किलो, त्यातला अर्धा कार्बन. म्हणजे मीटरभर जाडीच्या एका हेक्टर पीटमध्ये जवळजवळ ५०० टन कार्बन. आपल्याकडच्या पानगळी जंगलात जमिनीवर उभ्या असलेल्या झाडांत हेक्टरी साधारण शंभर टनांच्या आतच कार्बन असतो, आणि पीट तर कित्येक ठिकाणी पाच-सहा मीटर खोल आहे. जगातल्या जमिनीपैकी जेमतेम तीन टक्के जागेत पीट आहे, पण त्यातला कार्बन ५०० ते ६०० अब्ज टनांच्या घरात जातो. जगातल्या सगळ्या जंगलांतल्या झाडांत मिळूनही तेवढा नाही. मध्य आफ्रिकेतल्या काँगो खोऱ्यात तर १ लाख ४५ हजार चौरस किलोमीटरहून मोठी पीटभूमी आहे. तिचा पहिला नीट नकाशा २०१७ साली प्रसिद्ध झाला, तोवर जगाला तिचा आवाकाच माहीत नव्हता.

पाणी इथे काय करतं? लोणच्यावरचं तेल जे करतं तेच. फोडी तेलाखाली बुडालेल्या असतील तर बरणी वर्षभर टिकते. तेल खाली गेलं आणि फोड उघडी पडली की बुरशी तिथूनच धरते. पीटमधलं पाणी उतरलं की हवा आत शिरते आणि हजारो वर्षं राखून ठेवलेलं भराभर खाल्लं जातं. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठातल्या ख्रिस फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी २००१ साली यातली एक महत्त्वाची कळ दाखवून दिली. चिखलात फिनॉल जातीची द्रव्यं साचतात आणि ती कुजवणाऱ्या विकरांना रोखून धरतात. या फिनॉलना फोडणारं विकर प्राणवायूशिवाय काम करत नाही. दुष्काळात थोडी हवा शिरली तरी ते जागं होतं, फिनॉल संपतं, आणि मग पाणी परत आलं तरी कुजणं काही काळ चालूच राहतं.

पाणी काढून टाकल्यावर काय होतं याचा पुरावा इंग्लंडमध्ये होम फेन इथे उभा आहे. १८५१ साली तिथली दलदल शेतीसाठी कोरडी करताना एक लोखंडी खांब पीटमध्ये पूर्ण गाडला होता, माथा जमिनीच्या पातळीला ठेवून. आज तो सुमारे चार मीटर उघडा आहे. खांब वर आलेला नाही. जमीन आकसली, खचली आणि तिच्यातला बराचसा भाग वायू होऊन उडाला. इंडोनेशियात हेच पाम तेल आणि कागदासाठी लागणाऱ्या झाडांच्या लागवडीपायी झालं. चर खणून कोरडं केलेलं पीट १९९७ आणि २०१५ साली आठवडेच्या आठवडे धुमसत राहिलं.

भारतात खरं पीट फार थोडं. निलगिरीत शोला जंगलांच्या मधल्या दऱ्यांत ते आहे. आर. सुकुमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली त्याच पीटच्या थरांतून सुमारे वीस हजार वर्षांचा हवामानाचा इतिहास वाचून दाखवला: पाऊस कधी वाढला, गवताळ रानं कधी पसरली, सगळं त्या काळ्या मातीत क्रमाने जपलेलं होतं.

गोंदियात पीट नाही. पाणी नाही म्हणून नव्हे. वर्षाला सरासरी १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तलाव तर पायलीला पन्नास. अडचण आहे ती पावसाच्या वेळापत्रकाची. सगळा पाऊस चार महिन्यांत येतो, नंतर आठ महिने पाणी मागे सरकत राहतं, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे चढलेला असताना तलावाचा निम्मा तळ उघडा पडून भेगाळतो. त्या भेगांतून हवा खोलवर जाते. वर्षभरात जे काही न कुजता राहिलं असेल ते दोन महिन्यांत बहुतेक फस्त होतं. शिवाय ओढ्यांबरोबर दर पावसाळ्यात माती येते, त्यामुळे तळाशी साचतं ते निव्वळ वनस्पतींचे थर नसून चिकणमातीत मिसळलेलं असतं.

एकेकाळी मात्र या भागात पीट होतं, आणि कमी नव्हतं. २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी चंद्रपूर, उमरेड, कामठीच्या परिसरात ग्लॉसोप्टेरिस नावाच्या झाडांच्या दलदली होत्या. त्यांचं पीट गाळाखाली दबलं, तापलं आणि दगडी कोळसा झालं. म्हणजे तिरोड्याच्या ३३०० मेगावॉटच्या वीजकेंद्रात जे जळतं ते मुळात पीटच. कोट्यवधी वर्षं कुजायचं राहून गेलेलं ते काम आपण बॉयलरमध्ये उरकून घेतोय.

आता पुन्हा तलावाकडे. विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी एवढं सांगायला हवं की मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून ते सात हजारांच्या आसपास आहेत. त्यातले बरेच कोहळी समाजाने बांधले. उताराला आडवी मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडूम ठेवायचं, त्याखाली पाट आणि पाटाखाली धानाच्या बांध्या. नवेगावचा बांध त्यातला सर्वांत नावाजलेला. कोलू पाटील कोहळी यांनी तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला घातला असं मानतात. त्याचा पसारा सुमारे अकरा चौरस किलोमीटरचा. मारुती चितमपल्लींच्या वाचकांना त्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, संपली, तलाव सरकारजमा झाले आणि दरवर्षी पाळ चढवणारे, गाळ उपसणारे हात हळूहळू सुटले.

या तलावांच्या बुडाशी अडीचशे-तीनशे वर्षांचा गाळ आहे. त्यात कार्बनचं प्रमाण पीटच्या मानाने फारच कमी, अर्ध्याच्या जागी काही टक्के. तरीही तो पूर्णपणे हवेत जात नाही, याचं कारण इथे वेगळं आहे. चिकणमातीचे कण अतिशय बारीक असतात आणि कुजून उरलेली द्रव्यं त्यांना चिकटून बसतात. लोहाच्या संयुगांनाही ती धरून राहतात. जीवाणूंचा तिथवर हातच पोचत नाही. पीटमध्ये राखण करतं ते पाणी. तलावाच्या गाळात थोडं पाणी, थोडी माती. म्हणून तलाव सुकला तरी इथलं सगळं उडून जात नाही. हा फरक महत्त्वाचा, कारण पीटचे आकडे उचलून जसेच्या तसे आपल्या तळ्यांना लावायची सवय अलीकडे वाढली आहे.

त्या हिशोबात आणखी एक खोट राहते, मिथेनची. चिखलात बांबू खुपसला की बुडबुडे येतात. पाण्याने भरलेली बाटली त्यावर उपडी धरली तर ते तिच्यात जमतात. इटलीतल्या अलेस्सांद्रो व्होल्टाने १७७६ साली माज्योरे सरोवराच्या काठावर हाच उद्योग केला आणि तो वायू पेटतो हे दाखवलं. तो मिथेन होता.

तो कुठून येतो? पाणी भरल्यावर मातीतला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपतो. पण जीवाणू तिथे थांबत नाहीत. प्राणवायूच्या जागी ते आधी नायट्रेट वापरतात, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट. दर पायरीला मिळणारी शक्ती कमी कमी होत जाते. सडक्या अंड्याचा वास येतो तो सल्फेटच्या पायरीवर. हे सगळं संपल्यावर मिथेन तयार करणाऱ्या आदिजीवाणूंची पाळी येते; पाणी भरल्यापासून त्याला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. जमिनीत लोह भरपूर असेल तर आणखी उशीर. चिखलातून वर येताना त्या वायूला तपकिरी थर ओलांडावा लागतो. तिथे प्राणवायू असतो आणि मिथेन खाणारे जीवाणूही, त्यामुळे बराचसा वाटेतच संपतो. पण बुडबुड्यांतून जाणारा सुटतो, आणि पोकळ देठांतून जाणाराही.

हे पोकळ देठ धानात छान पाहायला मिळतात. रोवणीनंतर महिनाभराने बांधीतलं एक चूड उपटून मुळं धुवा. ती पांढरी नसतात. त्यांच्यावर गंजाचा नारिंगी-तांबडा लेप असतो. धान चिखलात जगतो तो पानांतून मुळांपर्यंत हवा खाली नेऊन. त्यातली थोडी मुळांबाहेर झिरपते आणि आसपासच्या विरघळलेल्या लोहाला गंजवते. ज्या नळ्यांतून हवा खाली जाते त्याच नळ्यांतून मिथेन वर येतो. पाणी भरलेल्या भातशेतीतून निघणाऱ्या मिथेनपैकी बहुतेक याच वाटेने जातो. देवधान, कमळ आणि तलावातल्या इतर काठाच्या वनस्पतीही हेच करतात.

मिथेन हवेत साधारण बारा वर्षं टिकतो, पण शंभर वर्षांच्या हिशोबात त्याची उष्णता धरण्याची ताकद तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट धरतात. जुन्या पीटभूमीतूनही मिथेन निघतच असतो. पण त्याचा साठा हवेत एका मर्यादेपलीकडे वाढत नाही, आणि खाली कार्बन मात्र हजारो वर्षं साचतच जातो. म्हणून शेवटी जमाखर्च थंडाव्याच्या बाजूला झुकतो. कालपरवा खणलेल्या शेततळ्याची गोष्ट उलट आहे. त्याने साठवलंय नगण्य आणि मिथेन लगेच सुरू. त्यामुळे ‘पाणथळ म्हणजे कार्बनचं कोठार’ असं सरसकट म्हणणाऱ्यावर माझा तरी विश्वास बसत नाही. तलाव राखायला इतर कारणं पुरेशी आहेत: सिंचन, मासळी, जनावरांचं पाणी, उथळ काठावर कंद उकरणारे आणि बांध्यांत घरटं करणारे सारस. कार्बनचा खोटा आकडा त्याला जोडायची गरज नाही.

तापमान वाढलं की या सगळ्याचं काय होतं? उष्णता दहा अंशांनी वाढली की कुजण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. झाडांची वाढ मात्र तेवढी वाढत नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटात ‘स्प्रूस’ नावाच्या प्रयोगात २०१५-१६ पासून पीटभूमीच्या तुकड्यांभोवती मोठे कक्ष उभारून ते नेहमीपेक्षा थेट नऊ अंशांपर्यंत जास्त तापवले गेले. काही वर्षांतच तिथल्या स्फॅग्नमचा जोर ओसरला आणि कार्बन घेणारी जमीन कार्बन देणारी झाली. जितकी जास्त उष्णता, तितकी तूट मोठी.

गोंदियात वेगळ्या गोष्टींकडे पाहावं लागेल. मान्सून लांबला, मधे पंधरा-वीस दिवसांची उघडीप पडली आणि मग दोन दिवसांत महिन्याचा पाऊस कोसळला, तर तळ वारंवार सुकतो आणि भिजतो. सुकल्या मातीवर पाणी पडलं की जीवाणू एकदम उसळतात आणि थोड्या दिवसांत भरपूर कार्बन डायऑक्साइड सोडतात. मातीशास्त्रात हे चांगलं ठाऊक आहे. मोठ्या सरींबरोबर शेतातली माती आणि खत वाहून येतं, पाणी हिरवं होतं, शेवाळ माजतं, ते मरून तळाशी जातं आणि मिथेनवाल्यांना ताजं अन्न मिळतं. उन्हाळ्यात पाणी तापलं की हे आदिजीवाणू आणखी जोमाने काम करतात. काठावरची बेशरम आणि पाण्यावरची जलपर्णी या खतावर पोसतात. जलपर्णीची चादर तर वरून येणारा प्राणवायूही अडवते.

बांध्यांच्या बाबतीत एक उपाय सिद्ध झालेला आहे: पाणी सतत कोंडून न ठेवता मधूनमधून बांधी सुकू द्यायची आणि पुन्हा भरायची. प्राणवायू आत गेला की आदिजीवाणूंना पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागते. उत्पन्न न घटता मिथेन एक-तृतीयांश ते निम्म्यापर्यंत कमी झाल्याची मोजमापं अनेक देशांतून आहेत. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने या पद्धतीचा बराच प्रसार केला. पण इथे ती जशीच्या तशी चालत नाही. मामा तलावाखाली पाणी एका बांधीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत उतरतं. मधल्या शेतकऱ्याने आपलीच बांधी सुकवायची म्हटलं तर खालच्याचं पाणी तुटतं. शिवाय जो पावसावरच आहे, तो आलेलं पाणी सोडून देईल कशाला? इटियाडोहसारख्या प्रकल्पाखाली उन्हाळी धान होतो, तिथे पाणी पाळीने मिळतं. तिथे हे जमण्यासारखं आहे, आणि तेही एका शेतकऱ्याने नव्हे तर पाटावरच्या सगळ्यांनी मिळून ठरवलं तरच.

तलावांच्या बाबतीत मुद्दा येतो गाळावर. गाळ काढणं हा इथला जुनाच रिवाज. उन्हाळ्यात काठाचा गाळ गाड्यांनी शेतात जायचा, हलक्या सिहार जमिनीला त्याचा मोठा आधार असे. उघड्या पडलेल्या तळात गाळपेरही होई. शेतात पसरल्यावर गाळातला थोडा कार्बन हवेत जातो. बाकीचा मातीला चिकटूनच राहतो आणि जमिनीचा कस वाढवतो. हा सौदा वाईट नाही. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत हेच यंत्रांनी मोठ्या प्रमाणावर होऊ लागलं. बैलगाडी आणि पोकलेन यांत मात्र फरक पडतो. पोकलेन सोयीच्या जागी सरळ खड्डा मारते. तलावाचा मंद उतार, जिथे गुडघाभर पाण्यात देशी वनस्पती उगवतात आणि मासे अंडी घालतात, तो जातो आणि उरतो उभ्या काठाचा डोह. खोल, कोमट, हलत नसलेल्या पाण्याच्या तळाशी प्राणवायू आणखी कमी होतो. कधीकधी तर काळ्या थराखालचा मुरूम लागेपर्यंत खणलं जातं. मग पाणी झिरपून जातं आणि ज्यासाठी एवढा खटाटोप केला तेच हातचं जातं.

भंडाऱ्याची ‘फीड’ ही संस्था ढिवर समाजाच्या मच्छीमार सहकारी संस्थांबरोबर वेगळ्या वाटेने जाते. बेशरम मुळासकट उपटायची, उन्हाळ्यात तळ नांगरायचा आणि पाऊस पडला की स्थानिक पाणवनस्पती आणून लावायच्या. नांगरण्यामुळे वरच्या थरातला काही कार्बन सुटणार, हे खरं. पण पाणी निवळतं, खत वनस्पतींमध्ये अडकतं, मासे परततात, आणि कोणत्या पाण्यात कोणती वनस्पती टिकते हे ढिवरांना आधीपासून माहीत असतं. कार्बनसाठी हे कुणी सुरू केलेलं नाही. तरी जो तलाव हिरवा होत नाही, जलपर्णीने झाकला जात नाही, त्यातून मिथेनही कमी सुटणार, हे वरच्या सगळ्या गणितातून उघड आहे.

आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत महाराष्ट्रातल्या जागा तीनच: नांदूर मध्यमेश्वर, लोणार आणि ठाणे खाडी. मामा तलावांना तसं कुठलं छत्र नाही. त्यांचं भलंबुरं जिल्हा परिषद, पाटबंधारे खातं आणि ग्रामसभा यांच्याच हातात आहे. तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या गावच्या ग्रामसभेत तलाव खोल करण्याचा ठराव आला, तर हात वर करण्याआधी एवढं विचारा: गाळ नेमका किती आहे हे कुणी खणून पाहिलंय का, तो कुणाच्या शेतात जाणार, काठाचा उतार ठेवणार का, आणि मासेमारी करणाऱ्यांना विचारलंय का. उत्तरं कागदावर लिहून घ्या, आणि यंत्र तलावात उतरेल त्या दिवशी स्वतः पाळीवर हजर राहा.